आस, साडेतीन मिलिमीटर

देवगडच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यावर भाड्याची खोली.
खाली रात्रभर लाद्या फोडतात
आणि वर मी टाकी फोडते आहे,
विमानाच्या पंखातली, ॲल्युमिनियमची, पाऊण भरलेली.
आत इंधन. म्हणजे रॉकेलच ते,
थोडं शिकलेलं.

गोळा पोलादी, साडेबारा मिलिमीटरचा,
वेग सेकंदाला नऊशे मीटर.
कोणी झाडला, असा रकाना नाही.
कोणावर, असाही नाही.
पंखाचं मूळ जखडून टाकलंय,
त्याच्या पलीकडे विमान नाही.
काळ आहे: दीड मिलीसेकंद.
तो मोजायला एकोणीस तास लागतात,
मधे वीज गेली नाही तर.

जाळी मीही विणते, बाबाही.
ते धक्क्यावर बसतात, पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून.
परवा विचारलंन्,
"तुझ्या जाळ्याचो आस केवढो?"
साडेतीन मिलिमीटर.
"अगो, मग त्यातसून कोळंबीचा पॉर पण सुटूचा नाय."

सुटतं, बाबा.
आस मोठा ठेवला की लाट सुटते,
कडा झिजून, सभ्य होऊन बाहेर पडते
आणि टाकी शाबूत राहते. कागदावर.
आस बारीक करावा तर मशीनचा पंखा
पहाटेपर्यंत दम्यासारखा वाजतो.

रिकाम्या टाकीला दोन भोकं पडतात,
एक गोळा आत येताना, एक जाताना.
ठिगळ लावा, उडवा.
भरलेलीचं तसं नाही.
द्रव दबत नाही, बाजूला होत नाही,
जे झालं ते चारी भिंतींना सांगत सुटतो.
गोळ्याच्या मागे पोकळी उघडत जाते, घंटेसारखी,
आणि समोरची भिंत
गोळा पोचायच्या आधीच फुगू लागते.
वर्दी गोळ्यापेक्षा जोरात धावते.

हा भाग मला कोणी शिकवावा लागला नाही.
त्या नोव्हेंबरात, दादाची बोट बाहेर असताना,
फोन वाजण्याआधीच
आई विळीवरून उठली होती.
अर्धा नारळ तसाच.

काल बाबल्या कुबल वर आला, बर्फाला वेळ होता म्हणून.
डाव्या हाताला तीन बोटं. उरलेली खाडीत,
त्र्याऐंशी साली, जिलेटीनसकट.
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
निळ्यातून लाल पसरत गेलं, पुन्हा निळं झालं.
त्याने तीनदा बघितलं. बिडी विझली.
"ह्याच," म्हणाला. "अगदी ह्याच.
मासो वरसून आख्खो दिसता. खवलो पण हलणा नाय.
आत हवेची पिशवी आसता, ती फुटता."
मग अंगठा पडद्यावर टेकवून,
"पण हयसर लाल उशिरा येता तुझा.
पाणी इतको येळ घेवचा नाय."

पाणी नाही हे, काका. रॉकेल.
"मग बरोबर."

शेवटी मशीन हिशेब देतं:
वगळलेले घटक, चार हजार एकशे सात.
ताण सोसवेना झाला की घटक मिटवायचा,
हा नियम मीच लिहिलाय,
नाहीतर गणित पुढे सरकत नाही.
मिटवलेल्यांचं वजन कुठे जातं,
ते अहवालात एका ओळीत बसतं.

बाबल्या दारात थांबला, चपला शोधत.
"सगळा बरा केलंस," म्हणाला,
"पण ह्याच्यात मासो खय आसा?"

मी पंखाच्या मुळाकडे बघितलं.
तिथली रेघ सरळ, करडी, जखडलेली,
शून्य विस्थापन.

खाली कोणीतरी हाक मारली, बर्फ झालो म्हणून.
तो एकेक पायरी मोजत उतरला.
मी आस तीनवर आणला
आणि पुन्हा चालू केलं.